मातीचं तेल

आमच्याकडे रॉकेलला मातीचं तेल म्हणत.
रेशनच्या दुकानातून यायचं, निळं,
कार्डामागे पाच लिटर,
दिव्यासाठी, स्टोसाठी,
पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या पेटवण्यासाठी.

डिझेल चढत गेलं त्या वर्षी
बाबांनी आळीतली कार्डं गोळा केली.
बेबीनंदाचं, नेवाऱ्यांचं, मंसारामचं,
मरून दोन वर्षं झालेल्या कवडू वस्तादाचंही.
ज्यांच्याकडे गॅस आला होता ते हसून द्यायचे,
ज्यांच्याकडे नव्हता ते न हसता.
ओसरीत कॅनांची रांग. उन्हं आत आली की
भिंतीवर निळं पाणी हलायचं.
धाकटा भाऊ म्हणायचा, घरात तलाव आला.

गाडी चारशेसात, कारंज्याहून सेकंडहँड घेतलेली.
मागच्या फळीवर आधीच्या मालकाच्या मुलीचं नाव.
बाबांनी ते पुसलं नाही.
माझं लिहिलंही नाही.

नळी तोंडात धरायला मात्र मी.
भावाला दमा, बाबांचे दात हलते.
एकदा दम लावून ओढायचं, गालात गार काहीतरी येतं,
चटकन अंगठा, मग थुंकायचं.
तीन दिवस भाकरीला तीच चव.
ठेचा खाल्ला, कच्चा कांदा खाल्ला,
ढेकर आला की पुन्हा कंदील.
शाळेत दहेगावकर बाईंनी विचारलं,
"स्टो पुसून कोण आलं गं?"
सगळ्या मुलींनी मागे वळून पाहिलं,
मीही पाहिलं.

दहा लिटरला पाव लिटर जळकं मोबिल,
हे प्रमाण कय्यूम मिस्त्रीचं.
पंप खोलून त्यानं प्लंजर माझ्या तळहातावर ठेवला.
करंगळीएवढा, चकचकीत, त्यावर ओरखडे.
"डिझेल ओशट असते पोरी, तेच पंपाचं वंगण.
हे तेल कोरडं.
गाडी पयते, पन उपाशी पयते."
बाबा म्हणाले, "मोबिल टाकतो नं."
"टाक. तुपाच्या वासानं कोनाचं पोट भरते काय?"

पण पळायची.
वणीच्या जिनिंगपर्यंत कापूस,
येताना सरकी, कधी ढेप.
आवाज पातळ झाला होता, तापातल्या माणसासारखा,
आणि धुरापेक्षा वासच जास्त.
गाडी आळीतून गेली की बाया आत जाऊन
आपापला स्टो तपासायच्या.

मग फेब्रुवारीत डीपी जळाली.
सहा दिवस लाईन नाही. माझी दहावी तोंडावर.
आईनं चिमणी कानाशी हलवून पाहिली. कोरडी.
शेजारी मागायला गेली, तर बेबीनंदा म्हणाली,
"आमचं तं तुमच्याच गाडीत हाय नं बाई."
रागानं नाही म्हणाली.
भाव सांगावा तसं म्हणाली.

आई परत आली, खुंटीवरची नळी काढली,
मला म्हणाली, "चाल."
त्या रात्री पहिल्यांदा मी उलट्या दिशेनं ओढलं.
टाकीतून सतरा बाटल्या भरल्या,
आईनं पदराखालून घरोघर पोचवल्या.
बाबा बाजेवर जागेच होते.
त्यांनी फक्त कूस बदलली.

दिवे लागले, पण कसे!
अर्धं डिझेल, वर मोबिलचा अंश,
वात तडतडायची, काजळी थेट आढ्याला.
मी स्पर्शिकेचं प्रमेय सोडवलं.
सकाळी नाकपुड्या काळ्या, वहीवर काळी भुकटी,
बोट फिरवलं तर वर्तुळ पुसलं गेलं नाही,
नुसतंच मोठं झालं.

बाबा पहाटेच निघून गेले होते.
करंजीच्या अलीकडे गाडी बसली.
दुपारी एसटीनं आले, हातात रिकामा कॅन,
कुणालाच काही बोलले नाहीत.
चहा बशीत ओतला, फुंकर घातली,
आढ्याकडे पाहिलं बराच वेळ.

"सतरा घरं," ते म्हणाले.
"एव्हरेज चांगला देला तेनं."